मुनाफभाईंची एकतीस चित्रं

मुनाफभाई पेंटर मला पहिल्यांदा भेटले ते ‘कीटकनाशक’ या शब्दामुळे. वऱ्हाडातल्या वरवट बकालच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. मधल्या सुट्टीत फाटकाशी एक उंच, हडकुळा माणूस सायकल धरून उभा होता. कानावर ब्रश, सदऱ्यावर रंगांचे शिंतोडे, चप्पल मात्र लख्ख पुसलेली.

"मराठीच्या नव्या बाई तुम्हीच काय? एक विचाराचं होतं. कीटकनाशकातला ‘की’ पहिला का दुसरा?"

"दुसरा. दीर्घ."

त्यांचा चेहरा पडला. "बाजारातल्या तीन दुकानांवर पहिला हाये. तिन्ही पाट्या माह्याच हातच्या."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाहिलं, तर हा माणूस शिडीवर चढून ऱ्हस्व वेलांटी खरवडत होता. तिन्ही पाट्या त्यांनी दुरुस्त करून दिल्या, कोणी सांगितलं नसताना आणि एक पैसा न घेता. दुकानदार हसत होते. कीटक मेले म्हणजे झालं, वेलांटी कोण पाहतो, असं त्यांचं म्हणणं. मुनाफभाईंचं उत्तर ठरलेलं होतं, "मी पाह्यतो न."

तेव्हापासून आमची ओळख झाली ती शुद्धलेखनाची. ते उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. मराठी अक्षरं त्यांनी उस्तादाच्या हाताखाली पाट्या रंगवत गिरवली होती. म्हणजे ‘क्ष’ कसा वळतो हे त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं, पण वर्तमानपत्र वाचायचं तर ओळीखाली बोट धरावं लागे. "मले अक्षरं चेहऱ्यासारखी वळखू येतेत बाई," ते म्हणायचे, "पण चार चेहरे एका जागी आले का गडबड होते."

त्यांचं दुकान माझ्या भाड्याच्या घरासमोर. दुकान म्हणजे पुढे पत्र्याचं छप्पर आणि मागे राहण्याच्या दोन खोल्या. तिथे ते आणि जुलेखाभाभी. भाभी शिवणकाम करायच्या आणि नवऱ्याच्या कामावर मत देण्याची संधी सोडायच्या नाहीत. मुनाफभाई फूटपट्टी वापरत नसत. वीत टाकायची, एक डोळा मिटायचा, झालं मोजमाप. दोन शब्दांच्या मधे जागा कमी पडली तर गिऱ्हाइकाला सांगायचे, "मजकूर कमी करा शेठ. अक्षराले दम घ्याले जागा पायजे."

त्या वर्षांत बीटी कपाशीचा जोर होता. सोनाळ्यापासून आमच्या गावापर्यंत रस्त्याकडेची एक भिंत बियाण्याच्या जाहिरातीवाचून मोकळी राहिली नव्हती, आणि त्यातल्या बहुतेक भिंती मुनाफभाईंच्या. एकदा एका कंपनीचा माणूस नमुन्याचा कागद देऊन गेला. त्यावर कपाशीचं झाड, आणि झाडाला पानं कमी, बोंडं जास्त. मुनाफभाईंनी तो कागद घेतला, सायकल काढली आणि दिवसभर शेतातून फिरून आले. भिंतीवर त्यांनी जे झाड काढलं ते पाहून लोक थांबायचे. काही बोंडं फुटलेली, काही हिरवी, एक पान लाल पडलेलं, आणि खालच्या एका बोंडाला बारीक भोक.

कंपनीचा माणूस संतापला. "अहो, हे भोक कशाला काढलंत? बोंडअळी लागत नाही म्हणून तर बियाणं विकतोय आम्ही!"

"मी पाह्यलं त्या झाडाले होतं साहेब."

भोक बुजवावं लागलं. मुनाफभाईंनी ते बुजवलं, पण नंतर किती तरी दिवस तो रस्ता टाळून लांबून जायचे.

पाट्या हा त्यांचा पोटाचा धंदा. दुपारी ऊन चढलं आणि गिऱ्हाईक थांबलं की ते आतून हार्डबोर्डचा तुकडा काढत आणि उरलेल्या रंगात स्वतःसाठी चित्र काढत बसत. फुलं, देखावे असलं काही नाही. वेचणीला निघालेल्या बाया. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून झाल्यावर उघडं पडलेलं शेत. मागे सातपुड्याची रांग. कासाबाई नावाची वेचणीला जाणारी एक बाई होती, तिचं स्वतःचंही दोन एकर होतं. तिला ते समोर पिंपावर बसवायचे. ती वैतागून म्हणायची, "माह्या थोबाडात काय हाये असं, का घंटाभर पाहून राह्यले?" मुनाफभाई मान वर न करता म्हणत, "तेच तं शोधून राह्यलो." कासाबाईचं ते चित्र मी पाहिलंय. ओटीत कापूस, मान जराशी वाकडी, आणि डोळ्यांत पाहणाऱ्यालाच काहीतरी विचारत असल्यासारखा भाव. मला चित्रातलं फार कळत नाही. पण ते पुन्हा पाहायला मी दुसऱ्या दिवशीही गेले होते.

नंदूशेठने चित्रं पाहिली ती अशाच एका दुपारी. नंदूशेठ म्हणजे बाजारातल्या मोठ्या कृषी केंद्राचा मालक. पुढे सरकीची पोती भरायचं गोडाऊन, मग कापसाच्या जिनिंग मिलमधे भागी, असं वाढत गेलेलं प्रस्थ. दुकानाच्या भिंतीवर ‘खात्रीचे बियाणे’ लिहून घ्यायला तो आला होता. निघताना चित्रांकडे बोट करून म्हणाला, "हे कितीले देता?"

मुनाफभाई गांगरले. असं त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं. "तुमच्या मनानं द्या."

"हजार रुपये एकाचे. माहा चुलतभाऊ शहरात चित्राचं दुकान चालवते. कॅनव्हास मी पाठवतो, रंग मी देतो. महिन्याले एक मोठं चित्र. मांगं तुमची सही पायजे, बस."

कासाबाईचं चित्र घेऊन तो गेल्यावर जुलेखाभाभी पडद्याआडून म्हणाल्या, "यानं एक बी चित्र पाह्यलं नाही. किती हायेत थे मोजले फक्त."

"पैसेवाले लोक असेच पाह्यतेत," मुनाफभाई म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला, भाभींना आणि रस्त्यावरून जाणाऱ्या दोघातिघांना चहा पाजला.

अडीच वर्षं हे चाललं. दर महिन्याला नंदूशेठची गाडी येई, चित्र कापडात गुंडाळून जाई. वर्षभरानंतर एक गुळगुळीत पुस्तिका आली. मुखपृष्ठावर मुनाफभाईंचा फोटो, आत त्यांची चित्रं, सगळा मजकूर इंग्रजीत. ती घेऊन ते माझ्याकडे आले. मी वाचून अर्थ सांगत गेले: वऱ्हाडच्या मातीतला कलावंत वगैरे. प्रत्येक चित्राखाली किंमत छापली होती. एक लाख नव्वद हजार. कासाबाईच्या चित्राखालीही तीच.

मुनाफभाईंनी छापलेल्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग हसले. "छापणाऱ्यानं शून्यं जास्त टाकले असतीन."

ते नंदूशेठला जाऊन विचारून आले. शहरात नाव करायला असेच भाव लावावे लागतात, दुकानाचं भाडं असतं, दलाल असतात, आज तुमचं नाव होऊन राह्यलं तं उद्या तुम्हालेही भेटन, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ते मानलं. मीही मानलं, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. शाळेने त्यांचा सत्कार केला तेव्हा भाषण माझंच होतं. आपल्या गावच्या चित्रांना लाखाची किंमत येते, असं मी मुलांना अभिमानाने सांगितलं. मुनाफभाई मंचावर खुर्चीच्या कडेवर बसले होते. हार गळ्यात पडल्यावर त्यांनी तो लगेच काढला नाही. तसाच घालून घरी चालत गेले.

मग तो बोंडअळीचा हंगाम आला. कपाशी वरून हिरवीगार, आणि बोंड फोडलं की आत किडका, पिवळा कापूस. गुलाबी अळी सगळीकडेच पडली होती. पण नंदूशेठच्या दुकानातून ज्यांनी बिनपावतीची पाकिटं नेली होती, त्यांच्या शेतात वेचायला काही उरलंच नाही. पाकिटावर कंपनीचं नाव नाही, कृषी खात्यात तक्रार करायची तर हातात कागद नाही. कासाबाईच्या दोन एकरांत तेच बियाणं होतं. एका सकाळी ती मुनाफभाईंच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. ओटीतली बोंडं तिने त्यांच्या पाटीवर ओतली.

"मुनाफभाऊ, दुकानावर ‘खात्रीचे’ असं तुम्हीच लिहलं होतं न? मले वाचता नाही येत. मी पोरीले विचारलं, काय लिहलं हाये? ते म्हने खात्रीचं हाये."

मुनाफभाईंनी एक बोंड उचललं, बोटांनी फोडलं, पाहिलं. दुपारी ते चुन्याची बादली घेऊन बाजारात गेले आणि नंदूशेठच्या भिंतीवरची स्वतःची अक्षरं कुंच्याने पुसायला लागले. लोक जमले. नंदूशेठ गल्ल्यावरून उठून बाहेर आला.

"काऊन हो, डोकं फिरलं काय? पैसे देल्ले होते तुम्हाले या भिंतीचे."

"देल्ले होते. वापस करीन. पण माह्या हातचं खोटं मी ठेवणार नाही."

नंदूशेठ जमलेल्या लोकांकडे पाहून हसला. "करू द्या बे, मोठा कलाकार हाये तो आता."

भिंत पांढरी झाली. चित्रं मात्र मुनाफभाई देत राहिले. मी विचारलं तेव्हा चिडून म्हणाले, "भिंत त्याची होती बाई. चित्र माहं हाये. त्याचा बियाण्याशी काय संबंध?" जुलेखाभाभींनी शिलाई मशीन थांबवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. मुनाफभाईंनी मान वळवली. एवढ्या सरळ माणसालाही काही गोष्टी पाहायच्या नव्हत्या. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाला पन्नाशीत कोणीतरी चित्रकार म्हटलं होतं. ते सोडून द्यायचं त्यांच्या जिवावर येत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आयकर खात्याची गाडी आली. पथक आधी कृषी केंद्रात गेलं, मग गोडाऊनमधे. संध्याकाळी एक अधिकारी मुनाफभाईंच्या दुकानात आले. शांत बोलणारे, पस्तिशीचे गृहस्थ होते. उद्या सकाळी गोडाऊनवर या, काही वस्तू ओळखायच्या आहेत, तुमचा जबाब घ्यायचा आहे, एवढंच सांगून गेले.

ते जाऊन तास झाला नसेल, नंदूशेठ स्वतः चालत आला. पहिल्यांदाच गाडीशिवाय. मी तिथेच भाभींजवळ बसले होते. त्याने माझी पर्वा केली नाही.

"मुनाफभाई, जास्त काही बोलाचं नाही. येका चित्राचे सव्वा लाख भेटले, रोख भेटले, घरात खर्च झाले. बस. वकील बाकी पाहून घेईन."

"मले तं हजार भेटले."

"हजार म्हनसान तं उद्या पेपरात येईन, मुनाफ पेंटरचं चित्र हजाराचं. शाळेनं हार घातला थो कशाचा होता, असं लोक इचारतीन. लाखाचे हा तं लाखाचेच राहा न. तुमचंच नाव होते त्याच्यात."

मुनाफभाई ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून धुवत होते. धुवून झाल्यावर त्यांनी तो फडक्याला पुसला आणि विचारलं, "नंदूशेठ, तुमच्या घरात माहं एक तरी चित्र भिंतीवर लावलं हाये काय?"

नंदूशेठला प्रश्न कळला नाही असं वाटलं. "चित्राचं काय आता?"

"काही नाही. चहा घेसान?"

तो चहा न घेता गेला.

सकाळी मुनाफभाईंनी मला सोबत नेलं. जबाब वाचून दाखवायला कोणीतरी पाहिजे, बोट ठेवून वाचत बसलो तर साहेबांचा दिवस जाईल, असं म्हणाले. गोडाऊनच्या मागच्या अंगाला सरकीच्या पोत्यांची थप्पी हलवून ठेवली होती. तिच्यामागे भिंतीला टेकवून चित्रं उभी होती. कापडाच्या गाठीसुद्धा सुटल्या नव्हत्या. अधिकाऱ्यांनी एकेक उघडून दाखवलं. काहींचे कोपरे उंदरांनी कुरतडले होते. एकावर ओल चढून सातपुड्याचा डोंगर काळा पडला होता.

"ही चित्रं तर विकली गेली म्हणले होते," मुनाफभाई म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता.

अधिकाऱ्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. बिनपावतीच्या बियाण्याचे पैसे रोख आलेले, ते उघड दाखवता येत नव्हते. म्हणून चुलतभावाच्या दुकानात चित्र विकलं असं लिहायचं, तेच पैसे त्या विक्रीचे म्हणून बँकेत भरायचे, चित्रकाराला त्यातले सव्वा लाख दिले असं दाखवून उरलेल्यावर थोडा कर भरायचा. चित्र इथेच पडून. घेणारा कोणी नव्हताच. दोन लाखांच्या वर गेलं की गिऱ्हाइकाची ओळख द्यावी लागते, म्हणून प्रत्येक चित्र एक लाख नव्वदचं.

"म्हणून कासाबाईची आन डोंगराची किंमत सारखी," मुनाफभाई पुटपुटले.

ते एकेका चित्रासमोर उभे राहत आणि सांगत, "हे माहं. हजार भेटले." कारकून लिहून घेई. पुढचं. "हे माहं. हजार." असं एकतीस वेळा. मधे एका चित्रापाशी ते थांबले आणि बोटाने रंगावरची धूळ पुसायला लागले. अधिकाऱ्यांनी हळूच सांगितलं, हात लावू नका, जप्तीतलं आहे. त्यांनी हात मागे घेतला आणि पाठीमागे धरून ठेवला.

जबाब मी वाचून दाखवला. भिंतीवर काय लिहिलं होतं आणि ते कधी पुसलं, हेसुद्धा त्यांनी आग्रहाने त्यात घालायला लावलं होतं. सही झाल्यावर अधिकारी जरा मोकळेपणाने म्हणाले, "अशी प्रकरणं सिद्ध करणं अवघड जातं. जमिनीचा भाव काढता येतो, सोन्याचा काढता येतो. चित्राचा खरा भाव कोण सांगणार? तुम्ही खोटं सांगितलं असतं तर आमच्या हातात काही राहिलं नसतं. मला विचाराल तर विकणाऱ्याला प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव ठेवायची सक्ती हवी, किंमत कितीही असो."

मुनाफभाई म्हणाले, "साहेब, बैलबाजारात पावती फाडतेत. कोणी इकला, कोणी घेतला, बैलाचा रंग, शिंगं, सारं लिहतेत. चोरीचा बैल इकू नये म्हणून. चित्राले काऊन नाही? आन एक पावती चित्र काढणाऱ्याले बी द्या. माहं चित्र कोणी नेलं, कितीले नेलं, हे मले माहीत असतं तं मीच आलो असतो तुमच्याकडे."

अधिकाऱ्यांनी कागद पुढे ओढला आणि ते लिहून घेतलं. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही.

निघताना मुनाफभाईंनी विचारलं, "कासाबाईचं तेवढं नेऊ काय? तिले दाखवाचं राहून गेलं."

"खटला संपेपर्यंत नाही देता येणार."

नंदूशेठला अटक झाली आणि काही महिन्यांनी तो जामिनावर बाहेर आला. कृषी केंद्र भाच्याच्या नावाने पुन्हा सुरू झालं. ज्यांचं पीक बुडालं होतं त्यांना पावती नाही म्हणून काही मिळालं नाही. कासाबाई दोन एकर ठेक्याने देऊन सुरतेकडे लेकीजवळ गेली. जाताना मुनाफभाईंना भेटली नाही. पेपरात बातमी आली होती, आणि नंदूशेठ म्हणाला होता तसंच झालं. बाजारात टारगट पोरं ‘हजारवाले पेंटर’ म्हणून हाक मारायची. तोवर डिजिटल बॅनर आले होते, पाट्यांचं कामही आटलं. ते दुपारी हार्डबोर्ड काढून बसायचे आणि कोरा तसाच आत ठेवायचे. भाभींनी मला एकदा हळूच सांगितलं, "हात चालत नाही म्हनतेत. मी म्हनलं, खरं बोलले न तुम्ही? तं म्हने, खरं बोललो जुलेखा, पण मले लाखाचं वाटून राह्यलं होतं, त्याचं काय करू?"

मी निवृत्त होऊन हिवरा आश्रम या माझ्या गावी राहायला आले. चार-पाच वर्षं भेट नव्हती. मग एका हिवाळ्यात आमच्या गावात डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर भरलं होतं. शेजारणीला घेऊन मी तिथे गेले, तर निंबाखाली बाकावर मुनाफभाई बसलेले. पूर्ण पांढरे झालेले. आदल्या दिवशी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. पट्टी सकाळीच सोडली होती. शेजारी जुलेखाभाभी डबा उघडून बसल्या होत्या.

त्यांनी मला ओळखलं, पण नमस्कार करायच्या आधीच म्हणाले, "बाई, ह्या समोरच्या बाईचं लुगडं कोणत्या रंगाचं हाये?"

"निळं."

त्यांनी डावा डोळा हाताने झाकला, पाहिलं. मग उजवा झाकला आणि पाहिलं. असं दोन-तीनदा केलं.

"सकाळपासून हेच चाललं हाये," भाभी म्हणाल्या. "जेवत बी नाहीत."

"निळा इतका निळा असते, मले माहीत नव्हतं," मुनाफभाई म्हणाले. "जुन्या डोळ्यानं सारं पिवळट दिसून राह्यलं होतं. डॉक्टर म्हने, मोतीबिंदू लय वर्षांपासून असन." ते वर पाहायला लागले. निंबाच्या फांद्यांतून आभाळाचा तुकडा दिसत होता. "म्हणजे बाई, त्या एकतीस चित्रांतलं आभाळ चुकलं माहं. एकूण एक. मी पिवळं दिसते म्हणून निळा जास्त टाकत गेलो असन."

मी म्हटलं, ती चित्रं पाहणाऱ्या कोणालाही तसं वाटलं नव्हतं.

"पाह्यली कोणी?" ते म्हणाले. रागाने नाही, नुसतं विचारलं. मग माझ्याकडे वळून अगदी कामाचं बोलावं तसं म्हणाले, "तुम्ही त्या आयकरच्या साहेबांले एक अर्ज लिहून द्याल काय? खटला संपला का चित्रं कोणाले द्याचे थे देवोत. पण त्याच्या आधी मले चित्रांपाशी आठ दिवस बसू द्यावं. रंग मी माह्या घरचे नेईन. आभाळ तेवढं नीट करून देतो."

मी लिहून देते म्हणाले. त्यांची गाडी लागली होती. भाभींनी डबा बांधला, त्यांचा दंड धरला. जीपमधे ते खिडकीशी बसले. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत त्यांचा एक हात डोळ्यावर होता, कधी डाव्या, कधी उजव्या, आणि तोंड वर आभाळाकडे.